मनगटावरची नोंद वाचणार कोण?

बेशुद्ध माणसाला बोलता येत नाही, ही अगदी साधी गोष्ट आहे. परंतु तिच्यापायी दर वर्षी किती रुग्ण चुकीच्या उपचाराला किंवा टाळता येण्याजोग्या विलंबाला बळी पडत असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. जी माहिती कोणालाच नव्हती तिच्या अभावी नेमके काय बिघडले, हे मागाहूनही कळत नाही. मधुमेही माणूस रक्तातील साखर उतरल्याने रस्त्यात कोसळतो आणि येणारेजाणारे त्याला दारूडा समजून बाजूने निघून जातात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाच्या डोक्याला मार लागतो आणि जखम लहान दिसते म्हणून त्याला पट्टी बांधून घरी पाठविले जाते. एखाद्या औषधाचे वावडे असलेल्या रुग्णाला नेमके तेच औषध टोचले जाते. या तिन्ही प्रसंगी ज्ञान उपलब्ध असते आणि औषधही उपलब्ध असते. रुग्णाविषयीची एक ओळ मात्र कोणाच्या हाती नसते.

ही ओळ रुग्णाने स्वतःच्या अंगावर बाळगावी, ही कल्पना जुनी आहे. नवे आहे ते तिला आलेले बाजारी रूप. हृदयाचे ठोके मोजणारी आणि माणूस पडल्याचे ओळखून नातेवाइकांना संदेश धाडणारी घड्याळे, क्यूआर कोड छापलेली पदके आणि कडी, मोबाइल जवळ नेताच माहिती उघडणाऱ्या चकत्या अशा अनेक वस्तूंच्या जाहिराती आता रोज डोळ्यांपुढून जातात. मोबाइलवरून मागणी नोंदविली की त्या तालुक्याच्या गावीही घरपोच येतात. ‘तुमचा सारा वैद्यकीय इतिहास तुमच्या मनगटावर’ अशा धर्तीचे आश्वासन या वस्तू देतात. ते कितपत खरे आहे, हे मुंबई-पुण्यातील सुखवस्तू ग्राहकाच्या अनुभवावरून ठरविणे योग्य होणार नाही. त्याच्या दारापासून रुग्णालय जवळ असते, त्याचा डॉक्टर ठरलेला असतो आणि घरात कोणीतरी शिकलेले माणूस असते. कसोटी घ्यावयाची तर ती परतूरसारख्या गावी घ्यावयास हवी.

परतूर हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे हे स्थानक १९८१ साली जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होते. येथला एखादा शेतकरी रानात कोसळला किंवा मोटारसायकलवरून पडला तर त्याचा पुढचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्याला प्रथम ग्रामीण रुग्णालयात नेते. तेथे भागले नाही तर चाळीस किलोमीटरहून अधिक अंतरावरचे जालना, आणि तेथेही भागले नाही तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे मराठवाड्याच्या तोंडी असलेली ‘घाटी’. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने शेवटचा टप्पा काही रुग्णांना तरी टळू शकेल. परंतु प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर नवा, केस पेपर नवा आणि हकिगत सांगणारा बहुधा तोच घाबरलेला नातेवाईक, ही स्थिती कायम आहे. ‘साखरेची गोळी चालू आहे’, ‘बीपीची लहान पांढरी गोळी घेतात’ एवढीच त्याची माहिती असते. तो नातेवाईकही सोबत नसेल तर रुग्णाचा पूर्वेतिहास कोराच राहतो. राज्यात २६ जानेवारी २०१४ रोजी १०८ ची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि गाडीत डॉक्टर असावा ही तिची विशेष गोष्ट होती. म्हणजे वाचू शकणारा माणूस रुग्णापर्यंत पोचण्याची सोय झाली. त्याने काय वाचावे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

कड्यामागची माणसे

या साधनांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टरलॉक या लहानशा गावी लिंडा कॉलिन्स या चौदा वर्षांच्या मुलीच्या बोटाला जखम झाली. धनुर्वाताची प्रतिविषी लस देण्यापूर्वी तिची अल्पशी मात्रा टोचून पाहण्यात आली आणि तेवढ्यानेच मुलगी मरणाच्या दारात पोचली. तिचे वडील मॅरियन कॉलिन्स स्वतः डॉक्टर होते म्हणून ती वाचली. पुढे मुलगी घराबाहेर जावयाची तेव्हा तिच्याजवळ या वावड्याची चिठ्ठी असे. ती महाविद्यालयात निघाली तेव्हा आईवडिलांनी चिठ्ठीच्या जागी चांदीचे कडे करवून घेतले आणि त्यावर ती माहिती कोरली. १९५६ साली त्यांनी ‘मेडिक अलर्ट’ ही संस्था स्थापन केली.

या संस्थेचे यश कड्यात होते असे समजणे मात्र चूक ठरेल. कड्यावर आजाराची एक ओळ, सभासदाचा क्रमांक आणि संस्थेचा दूरध्वनी कोरलेला असे. त्या दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला अहोरात्र माणूस बसलेला असे आणि त्याच्यापुढे सभासदाची सविस्तर नोंद असे. शिवाय असे कडे दिसले की ते उलटून पाहावयाचे, ही शिकवण रुग्णवाहिकेवरील सेवकांना दिली जाऊ लागली. तयार असलेली नोंद, ती बाळगणारे कडे आणि ती वाचणारा माणूस अशी ही तीन कड्यांची साखळी होती. चांदीचे कडे हा तिच्यातील केवळ मधला दुवा होय.

मधल्या दुव्यावरच सारी भिस्त ठेवल्याने काय होते, याचेही उदाहरण अमेरिकेतच घडले. तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप दंडाच्या कातडीखाली बसविण्याच्या योजनेला तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली मान्यता दिली. ‘व्हेरिचिप’ नावाच्या त्या चिपमध्ये वैद्यकीय माहिती नव्हती, सोळा अंकी क्रमांक तेवढा होता. तो वाचण्यासाठी रुग्णालयात विशिष्ट यंत्र असणे आणि क्रमांकामागची नोंद कंपनीच्या संगणकावर अद्ययावत असणे आवश्यक होते. अंगात परके यंत्र बसवून घेण्यास आणि आपली माहिती खासगी कंपनीच्या हाती देण्यास लोक धजले नाहीत. यंत्र नाही म्हणून रुग्ण नाहीत आणि रुग्ण नाहीत म्हणून यंत्र नाही, असे हे चक्र होते. २०१० साली तिची विक्री बंद झाली. चांदीच्या कड्याचा काळ मात्र आजही संपलेला नाही.

महाराष्ट्रातील अलीकडचा अनुभव याला दुजोराच देतो. मुंबईतील अक्षय रिडलान या तरुण अभियंत्याने ‘प्रोजेक्ट चेतना’ या नावाने क्यूआर कोडची पदके तयार केली. बौद्धिकदृष्ट्या दुर्बल मुले आणि स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध हरवले तर त्यांना घरी पोचविता यावे, हा त्यांचा हेतू होता. २०२३ साली घरापासून दूर भरकटलेल्या एका मुलाच्या गळ्यातील पदकावरील कोड पोलिसांनी मोबाइलने वाचला आणि मुलगा आईवडिलांच्या हाती सुखरूप पोचला. येथे पदक होते आणि त्यामागे घरच्यांचा योग्य क्रमांक होता, हे खरेच. परंतु त्या पदकाकडे लक्ष जाऊन ते काय आहे हे पाहावेसे वाटलेली माणसेही होती. ती नसती तर पदक गळ्यात लोंबकळत राहिले असते.

नोंदच जेथे नाही

आता परतूरच्या रुग्णाकडे वळू गेल्यास पहिली अडचण कड्याची नाहीच, ती नोंदीची आहे. आपणास कोणता आजार आहे, कोणते औषध चालू आहे आणि कोणते सोसत नाही, हे ज्याचे त्यालाच निश्चित ठाऊक नसेल तर कड्यावर कोरावयाचे काय? गावच्या दवाखान्यात पुष्कळदा सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत मिळतात. औषधाच्या दुकानात पट्टी कापून चार गोळ्या दिल्या जातात आणि त्या कापण्यात औषधाचे नाव दुसऱ्याच तुकड्यावर राहते. इंजेक्शन कशाचे दिले हे सांगण्याची पद्धत नाही आणि विचारण्याचीही नाही. पूर्वी कोणत्या तरी इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या, हे घरात सर्वांना आठवते. ते कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही. औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली केला. त्याचे पालन किती होते, हे ज्याच्या घरी डॉक्टरची चिठ्ठी आहे त्याने ती काढून पाहावी.

ही उणीव भरून काढण्याचा सरकारी प्रयत्न झालेला नाही असे नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर लागू झाले. त्याखाली प्रत्येक नागरिकाला ‘आभा’ नावाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो आणि असे ७० कोटींहून अधिक क्रमांक आजवर दिले गेले आहेत. येथे एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. आयुष्मान कार्ड आणि आभा ही एक गोष्ट नव्हे. पहिले उपचाराच्या खर्चाशी संबंधित आहे, दुसरे उपचाराच्या नोंदींशी. अनेकांनी शिबिरात दोन्ही काढून घेतली आणि एकाच प्लास्टिकच्या पाकिटात ठेवून दिली. परंतु क्रमांक मिळणे म्हणजे नोंद तयार होणे नव्हे. ज्या दवाखान्यात संगणकच नाही, तेथली तपासणी त्या क्रमांकाशी जोडली जाणार कशी? परतूरच्या रुग्णाचे बरेचसे उपचार अशाच लहान खासगी दवाखान्यांत होतात. तेव्हा क्रमांक आहे आणि त्यामागचे पान कोरे आहे, अशी अवस्था उद्भवते. अशा क्रमांकाचा क्यूआर कोड सोन्याच्या पदकावर कोरून घेतला तरी रुग्णाचा पूर्वेतिहास त्यातून उमटणार नाही.

दुसरी अडचण संमतीची. या व्यवस्थेत रुग्णाच्या संमतीविना त्याच्या नोंदी पाहता येऊ नयेत हे तत्त्व आहे आणि ते रास्तच आहे. सर्वसाधारणपणे ही संमती मोबाइलवरून द्यावयाची असते. आणीबाणीत मात्र हेच कुलूप आड येते, कारण संमती देणारा बेशुद्ध असतो आणि त्याचा मोबाइल एक तर फुटलेला असतो किंवा कुलूपबंद असतो. कायद्याने ही अडचण ओळखलेली आहे. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात जिवाला धोका असलेल्या वैद्यकीय आणीबाणीचा अपवाद नमूद आहे. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणावयाचे ठरले. कायद्याच्या पुस्तकातील हा अपवाद तालुक्याच्या रुग्णालयातील रात्रपाळीच्या डॉक्टरच्या हाती प्रत्यक्षात कसा पोचावयाचा, हे अद्याप ठरावयाचे आहे.

संगणकावर सारा भार टाकण्यातील धोका राजधानीतही दिसून आला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संगणक यंत्रणेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ला झाला आणि देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेनावर काम चालवावे लागले. दिल्लीची ही कथा, तर जेथे वीज आणि मोबाइलची रेंज यांचाच भरवसा नाही त्या रानातील रस्त्यावर केवळ इंटरनेटवरून उघडणाऱ्या कोडवर विसंबणे कितपत शहाणपणाचे ठरेल?

वाचणारा डोळा

साखळीतील तिसरा दुवा म्हणजे वाचणारा. तो प्रथम रस्त्यावरचा वाटसरू असतो, मग पोलीस, मग रुग्णवाहिकेतील डॉक्टर आणि शेवटी रुग्णालयातील परिचारिका. वाटसरू पुढे येत नसे याचे कारण त्याची निर्दयता नव्हे, पोलीस ठाण्याची धास्ती होय. जखमी माणसावर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितले. मदत करणाऱ्या सामान्य नागरिकाला संरक्षण मिळावयास मात्र २०१६ सालचा निकाल आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात घातलेले कलम १३४-अ यांची वाट पाहावी लागली. जखमीला रुग्णालयात पोचविणाऱ्यास आता आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. हे परतूरच्या किती रहिवाशांना माहीत आहे? माहिती देणारे साधन रुग्णाच्या अंगावर असले तरी त्याला हात लावण्याचे भय कायम असेल तर ते साधन वाचले जाणार नाही.

भयाइतकाच अडसर अज्ञानाचा आहे. अपस्माराचा झटका आलेल्या माणसाभोवती गर्दी जमते, कोणी कांदा फोडतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी दातांत चमचा घालतो. त्याला एका कुशीवर वळवून, गळ्याभोवतीचे कपडे सैल करून, झटका ओसरेपर्यंत जवळ थांबणे एवढेच करावयाचे असते. हे करीत असताना मनगट आणि गळा पाहावा, खिशातील पाकिटात चिठ्ठी आहे का ते पाहावे, एवढी भर त्यात पडली तर पुरे. बहुतेक मोबाइलमध्ये कुलूप न उघडता ‘आणीबाणीची माहिती’ पाहण्याची सोय आता असते. आयफोनमध्ये ती २०१४ पासून आहे. घड्याळासाठी हजारो रुपये मोजण्यास निघालेल्या गृहस्थाने खिशातील ही फुकटची सोय तरी वापरली आहे का, हे आधी पाहावे. ती भरण्यास दहा मिनिटे पुरतात. ती वाचण्याची सवय मात्र समाजाला लागावी लागते.

लपविण्याचा हक्क

येथपर्यंतच्या विवेचनावरून प्रत्येकाच्या अंगावर त्याचा आजार लिहून टाकावा असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घातक ठरेल. आपल्या समाजात आजार ही केवळ शरीराची अवस्था नसते, ती माणसाच्या पतीवर उमटणारी मोहोर असते. अपस्माराच्या झटक्यांमुळे विवाहाला बाध येतो, ही तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९९९ सालापर्यंत होती. ती त्या वर्षी वगळण्यात आली. सोयरीक जुळविणाऱ्यांच्या मनातून ती गेली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. ज्या मुलीच्या गळ्यातील पदक उलटले की तिचा आजार कोणालाही वाचता येतो, ती मुलगी ते पदक पेटीच्या तळाशी ठेवील आणि तिला दोष देता येणार नाही. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि तपासणी झालेल्यांना कार्डे देण्यात येऊ लागली. उद्देश निःसंशय चांगला आहे. परंतु समुपदेशनासाठी दिलेले कार्ड गावाने पाहिले तर ते बहिष्काराचे साधन होऊ शकते, याचे भान कार्ड देणाऱ्याला असावे लागते.

व्यक्तीचे खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. वैद्यकीय माहिती ही खासगीपणाची सर्वांत आतली खोली होय. म्हणून अंगावर काय बाळगावयाचे याचा निर्णय रुग्णाचा असावा आणि कसोटी एकच असावी: ही गोष्ट पहिल्या तासात उपचार करणाऱ्याला कळली नाही तर माझ्या जिवाला अपाय होईल काय? पेनिसिलिनचे वावडे, इन्सुलिन, रक्त पातळ ठेवणारी औषधे, दीर्घकाळ चालू असलेली स्टेरॉइडची गोळी, हृदयातील पेसमेकर, डायलिसिस आणि स्नायूत इंजेक्शन देणेही धोक्याचे ठरावे असा हिमोफिलिया या गोष्टी कसोटीला उतरतात. माणसाच्या आयुष्यातील इतर अनेक दुखणी उतरत नाहीत. एचआयव्हीच्या बाबतीत तर संमतीविना माहिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मज्जाव आहे आणि प्रत्येक रुग्णाला हाताळताना हातमोजे घालणे हेच शास्त्र असल्याने ती अंगावर लिहिण्याचे प्रयोजनही नाही. ‘सारा वैद्यकीय इतिहास मनगटावर’ ही जाहिरात येथे चुकते. आणीबाणीतील डॉक्टरला इतिहासाचा ग्रंथ नको असतो, त्याला चार ओळी हव्या असतात.

या संदर्भात रक्तगटाविषयी एक शब्द आवश्यक आहे. शाळेच्या ओळखपत्रापासून वाहन परवान्यापर्यंत सर्वत्र रक्तगटाचा रकाना असतो आणि तो भरला की कर्तव्य पार पडले असे वाटते. वस्तुतः रक्त चढविण्यापूर्वी रुग्णालय गट पुन्हा तपासते आणि दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहते. कार्डावरील अक्षरावर विसंबून कोणी रक्त चढवीत नाही. म्हणजे ज्या रकान्याचा उपयोग कमी तो सर्व कार्डांवर आहे आणि ‘कोणत्या औषधाचे वावडे आहे’ हा अत्यावश्यक रकाना बहुतेक कार्डांवर नाही. हा बदल करण्यास यंत्र लागत नाही, एक परिपत्रक लागते.

परतूरला शक्य असलेले

तेव्हा परतूरसारख्या गावी काय करता येईल? पहिली गोष्ट नोंदीची. मधुमेह, रक्तदाब, अपस्मार, हृदयविकार अशा दीर्घकालीन आजाराच्या रुग्णाला ग्रामीण रुग्णालयात किंवा त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे एक लहानसे टिपण मिळावे. नाव व गाव, घरच्या माणसाचा दूरध्वनी, मुख्य आजार, चालू असलेले महत्त्वाचे औषध आणि वावडे असलेले औषध अशा त्याच्या पाच ओळी, आणि खाली डॉक्टरची सही व तारीख. तारीख महत्त्वाची, कारण औषध बदलले आणि टिपण तेच राहिले तर ते दिशाभूल करते. मजकूर मराठीत असावा आणि औषधाचे नाव रोमन लिपीतही असावे. परतूरचा माणूस कर्नाटकात आजारी पडला तर तेथल्या डॉक्टरलाही ते वाचता यावे.

हा कल्पनाविलास नव्हे. परतूर, मंठा, घनसावंगी या भागातून दर हंगामात ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे जातात. कित्येक महिने ती आपल्या गावच्या डॉक्टरपासून आणि कागदपत्रांपासून दूर, फडात आणि रस्त्यावर असतात. या कामगारांची नोंदणी करून ग्रामसेवकांमार्फत त्यांना ओळखपत्रे देण्याचे राज्य सरकारने २०२१ साली ठरविले. त्या ओळखपत्राच्या पाठीवर वरील पाच ओळी घातल्या तर वेगळी योजना, वेगळा निधी आणि वेगळे उद्घाटन यांपैकी कशाचीच गरज पडणार नाही.

दुसरी गोष्ट साधनाची. भांड्यांच्या दुकानात आहेराच्या ताटवाटीवर नाव घालून मिळते, ते यंत्र तालुक्याच्या गावी असतेच. पोलादाच्या लहान चकतीवर त्याच यंत्राने दोन ओळी कोरून मिळतील. ती चकती पाण्याने पुसली जात नाही आणि तिला चार्जिंग लागत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे जालन्याला लागून असलेल्या सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा बहुतेक मृतदेहांची ओळख पटविणे अशक्य झाले आणि बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. जेथे मोबाइल, कागद आणि प्लास्टिक उरत नाही तेथे धातूची चकती उरण्याचा संभव असतो; सैनिकाच्या गळ्यात ती याच कारणासाठी असते. घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी ब्रिटनमधील लायन्स क्लबांनी याहून स्वस्त तोड काढली आहे. ते एक लहान बाटली देतात. तिच्यात माहितीचे टिपण ठेवून ती फ्रिजमध्ये ठेवावयाची आणि दारावर हिरव्या फुलीची चिठ्ठी चिकटवावयाची. रुग्णवाहिकेतून आलेला सेवक चिठ्ठी पाहतो आणि थेट फ्रिज उघडतो. तेथेही महत्त्व बाटलीला नाही, कोठे पाहावयाचे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असण्याला आहे. कोड आणि घड्याळे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. ज्याला परवडते त्याने ती अवश्य वापरावीत, मात्र डोळ्यांनी वाचता येणाऱ्या ओळींच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे.

तिसरी गोष्ट वाचण्याच्या सवयीची, आणि येथे शाळांचा संबंध येतो. मुलांची आरोग्य तपासणी शाळेत होते, ओळखपत्रे शाळा छापते आणि झटका आलेल्या मुलाजवळ पहिला मोठा माणूस शिक्षकच असतो. वावड्याचा रकाना ओळखपत्रावर आणणे आणि दहावीपर्यंतच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘आधी श्वास पाहा, मग मनगट पाहा’ एवढे शिकविणे शाळेच्या आवाक्यातील आहे. एसटीचे वाहक, रेल्वे स्थानकावरचे कर्मचारी आणि पोलीस शिपाई यांनाही तेवढेच शिकवावयाचे आहे.

परतूरच्या बाजारात विकावयास आलेल्या बैलाच्या कानात आज पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. त्या क्रमांकाखाली जनावराचे लसीकरण नोंदविण्याची व्यवस्था सरकारने केली आहे. बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी घालण्यापर्यंत शासनाने कठोरपणा दाखविला आणि साथीच्या रोगांचा विचार करता तो योग्यही आहे. बैलाचा मालक मात्र आपल्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगू शकत नाही. त्याला बिल्ला मारावा असे कोणी म्हणणार नाही. माणसाची नोंद सक्तीने नव्हे, त्याच्या इच्छेने आणि त्याच्या समजुतीने व्हावयास हवी. परंतु ती व्हावयास हवी, हे सांगण्याची जबाबदारी ज्या आरोग्य यंत्रणेची आहे ती ‘आभा’च्या क्रमांकांची बेरीज जाहीर करण्यात समाधान मानू लागली, तर मनगटावर घड्याळ येईल आणि त्यामागचे पान कोरेच राहील. घड्याळ बाजारात विकत मिळते. औषधाचे नाव सुवाच्य लिहिणारा डॉक्टर, ते जपून ठेवणारा रुग्ण आणि ते वाचण्यासाठी वाकणारा वाटसरू विकत मिळत नाहीत. ते घडवावे लागतात आणि त्यासाठी ग्रामीण रुग्णालय, शाळा व ग्रामपंचायत यांनी आज कामाला लागावयास हवे.